कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं कुंकू

"मान वर! चोरी केली काय कोणाची?"

एवढं म्हणून तो दोन बोटं तुमच्या हनुवटीखाली घालायचा आणि मान अशी वर करायचा, की न्हाव्यापुढे दाढीला बसल्यासारखं वाटावं. आमच्या देऊळघाटात त्याची ती दोन बोटं लागली नाहीत अशी हनुवटी सापडायची नाही. नवरदेवाची, नवरीची, पेन्शनच्या फोटोसाठी आलेल्या म्हातारीची. एकदा तर गावात भाषणाला आलेल्या पुढाऱ्याची. पुढाऱ्याचे चेले धावून आले. हा म्हणाला, "दूर व्हा. साहेबाची मान खाली दिसली तर बॅनरवर बरं दिसते काय?" साहेबांनी मुकाट्याने मान वर केली. लोक रस्त्याचं विचारत होते, पाण्याचं विचारत होते, तेव्हा जी मान हलली नव्हती ती दोन बोटांवर हलली.

तुमच्याही गावात असा एक फोटोवाला असेलच. पाहिला असेल तुम्ही. पण आमचा जरा जास्तच होता.

माझा धंदा मांडवाचा. बांबू, पडदे, दोर, खुर्च्या. मांडव मी घालायचो आणि हा येऊन मोडायला सांगायचा.

"हा बांबू इथून काढ."

"हा काढला तर मांडव पडते बे."

"पडू दे. नवरीच्या डोक्यातून निंघाल्यासारखा दिसून राह्यला तो."

मी शिव्या द्यायचो. पण नवरीचा बापच माझ्यापुढे हात जोडायचा, "काढा न भाऊ तेवढा बांबू." मांडव डोक्यावर आला तरी चालेल, फोटोत बांबू नको. मग मी एक बांबू काढून दोन दोर जास्तीचे बांधायचो आणि लग्न होईपर्यंत वर पाहत उभा राहायचो.

एका लग्नात नवरदेवाने मंगळसूत्र बांधलं. हा ओरडला, "थांबा! पुन्हा बांधा. कोपर मधात आलं."

महाराज तापले. "एकदा बांधलं की लग्न झालं."

"तुमच्याकून झालं, महाराज. माह्याकून व्हायचं हाय."

पुन्हा बांधलं. महाराजांनी मंत्रही पुन्हा म्हटला, कारण तेही फोटोत होते. बौद्धांच्या एका लग्नात त्याने भंतेजींनाही हात जोडून थोडं उजेडात सरकवलं होतं. भंतेजी हसले आणि सरकले. लग्न देवाच्या साक्षीने होतं असं लोक म्हणतात. मी आयुष्यभर मांडव घातले. मला तर ते फोटोवाल्याच्या परवानगीनेच होताना दिसलं. माणूस बापाचं ऐकत नाही, सासऱ्याचं ऐकत नाही, पण कॅमेरावाल्याने "एक पाऊल मागं" म्हटलं की मागे पाहतसुद्धा नाही, सरळ जाऊन नालीत पडतो.

खोटं बोलायची त्याला लाज नव्हती. फोटो द्यायला उशीर झाला की म्हणायचा, "धुवायले टाकले." रीळ बंद होऊन जमाना झाला तरी त्याचे फोटो धुण्यातच असायचे. फोटोत कोणाचे डोळे मिटलेले निघाले तर म्हणायचा, "पापण्या तुमच्या अन् दोष माह्या?" एका आजीने भांडण काढलं, की फोटोत मी म्हातारी दिसते. हा गंभीर तोंड करून म्हणाला, "कागद जुना होता, आजी." आजी समाधानाने घरी गेली.

आता माझ्या बायकोचं सांगतो. तिचं सांगितल्याशिवाय याचं पुढे सांगता येत नाही.

आमच्या गल्लीत कोणाचंही लग्न असो, पहिली हळद तिच्या हातची. मुहूर्तमेढीला पहिलं कुंकू तिचं. तिच्या हाताला गुण आहे असं बायका म्हणायच्या. खरं-खोटं मला माहीत नाही. मी त्या हातच्या भाकरी खाल्ल्या, मला त्यातच गुण दिसला. पण तिला त्याचा मोठा अभिमान होता. सोनं तिच्याकडे नव्हतं. ती म्हणायची, "माह्या हाती हे हाय."

मग तिच्या किडन्या गेल्या. बुलढाण्याला मशीनवर न्यावं लागायचं. हातावर सुयांनी गाठी आल्या, चेहरा काळवंडला. आणि एकाएकी सगळ्या गल्लीला तिची काळजी वाटू लागली. "वहिनी, तुम्ही काऊन उठता? बसा." "काकू, तुम्हाले तरास नको. तिकून बसूनच आशीर्वाद द्या." लोक लय चांगले असतात. धक्का देऊन कोणी बाहेर काढत नाही, खुर्ची देऊन काढतात. आजारी बाईच्या हातची पहिली हळद आपल्या पोरीला नको, हे एकानेही तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. काळजी करणाऱ्याशी भांडायचं कसं?

तिला कळायचं ते कळलं. एक दिवस भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "माह्या हातातलं गेलं वाट्टे."

"काय गेलं?"

"जे होतं ते."

मी म्हटलं, "भाकर जळून राह्यली." 

दसऱ्याला आमच्या ओट्यावर गर्दी असायची. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, गवंड्याची थापी. सगळे आपापलं हत्यार आणून ठेवायचे, तिच्या हातचं कुंकू लागावं म्हणून. त्या दसऱ्याला ओट्यावर माझा हातोडा आणि माझी पहार, एवढंच. ती नवं लुगडं नेसून ताट घेऊन बसली. "येतीन," म्हणाली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. तेलात कालवलेलं कुंकू वाटीत सुकायला लागलं. समोरून सुतार गेला, करवत घेऊन दुसऱ्या गल्लीत. जाताना त्याने रामराम मात्र वाकून केला.

तेवढ्यात हा आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"वहिनी, याले कुंकू लावा. नवा घेतला. बिनाआरशाचा."

"आरसा काऊन काढला?"

"काढला नाही, राहतच नाही. जुन्यात राहे."

"मंग यात दिसते कसं?"

"तेच तर! आरसा नाही तरी दिसते. म्हणून त महाग."

मी म्हटलं, "तुह्या घरी आरसा नाही हे तुह्या थोबाडावरून कळतेच."

"तू गप राह्य बे. वहिनी, लावा."

या माणसाचा पूजेवर काडीचा विश्वास नव्हता. देवळात जायचा तो मूर्तीवर उजेड कुठून येतो ते पाहायला. तरी तो त्या दिवशी चप्पल काढून, हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, महागाची वस्तू घेतली म्हणून घाबरला असेल.

तिने कॅमेरा हातात घेऊन फिरवला. "याचं कपाळ कोणतं?"

"तुम्हाले वाट्टे तिथं लावा."

तिने मागची बाजू पाहिली. खाली मोबाइलसारखा पडदा, वर डोळा लावायचं भोक, आणि भोकाच्या वर एक बारकी काळी चकचकीत काच. "डोळ्याच्या वर म्हणजे कपाळच झालं," म्हणाली. आणि तेलातलं कुंकू अंगठ्याने दाबून दाबून तिथे लावलं. वर अक्षता. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मी असा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माझ्या टिनाच्या शेडमध्ये पळत आला. पडदा काळा. बटण दाबा, फिरवा, काही करा, काळाच.

आता मला कळलं आहे म्हणून सांगतो. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा सांगतो तसं समजून घ्या. त्या कॅमेऱ्यात समोरचं चित्र मागच्या पडद्यावर दिसतं. भोकाला डोळा लावला की मागचा पडदा बंद होतो आणि चित्र भोकात दिसतं. डोळा जवळ आला हे कॅमेऱ्याला कळतं ते त्या काळ्या काचेतून. तिला सेन्सर म्हणतात. त्या सेन्सरवर माझ्या बायकोने अंगठाभर कुंकू थापलेलं. कॅमेऱ्याला वाटायचं, कोणीतरी डोळा लावून बसलं आहे आणि हलायलाच तयार नाही. मग तो कशाला पडदा चालू करतो? भोकात चित्र होतंच, पण पडदा काळा पाहिल्यावर भोकात कोण पाहतो?

पण हे तेव्हा कोणाला ठाऊक? गावात एखादी वस्तू बिघडली की ती दुरुस्त करणारा एक आणि सांगणारे शंभर. मोबाइलच्या दुकानवाला आला. म्हणाला, "सॉफ्टवेअर उडालं." तो सगळ्यालाच हे म्हणतो. त्याची म्हैस दूध देईना तेव्हाही त्याने हेच म्हटलं असणार. रिटायर झालेले गुरुजी आले. म्हणाले, "बॅटरी काढून घाला." घातली. "आता उलटी घाला." उलटी जाईना. गुरुजी म्हणाले, "मग बरोबरच आहे." कोणी म्हणालं, तांदळात ठेवा, मोबाइल ओला झाला की ठेवतात. कॅमेरा ओला नव्हता. तरी ठेवला. एक दिवस कॅमेरा तांदळाच्या डब्यात झोपला. काढला तेव्हा काळाच, वर पट्ट्यात तांदूळ.

कंपनीला फोन लावला. आधी पुष्कळ गाणं ऐकवलं. मग एक बाई हिंदीत म्हणाली, "सर, आप सेटिंग में जाइए, वहाँ डिस्प्ले ऑन का ऑप्शन दिखेगा."

हा म्हणाला, "मॅडम, दिखताच नाही तो दिखेगा कहाँ?"

"सर, स्क्रीन पे दिखेगा."

"स्क्रीनच तो बंद है!"

"जी सर, इसलिए स्क्रीन ऑन करने के लिए सेटिंग में जाइए."

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी बाईला रामराम घातला आणि ठेवला.

आणि यात एक गोष्ट पाहा. कॅमेरा सगळ्यांनी उलटासुलटा केला, फुंकला, हलवला, एकाने तर कानाला लावून ऐकला. पण त्या कुंकवाला कोणी बोट लावलं नाही. दसऱ्याचं कुंकू पुसतं का कोणी? उलट मोबाइलवाला म्हणाला, "पूजा झाली न? मंग काही होत नाही." आणि बिघाड शोधायला पुन्हा बटणांकडे वळला.

एवढा गोंगाट ऐकून ती घरातून आली. शेडच्या पत्र्याला धरून उभी राहिली.

"काय झालं त्या कॅमेऱ्याले?"

मोबाइलवाल्याने कॅमेरा हळूच खाली ठेवला.

"मी हात लावला तवापासूनच बंद हाय न?"

गुरुजी आपल्या चपला शोधायला लागले. मोबाइलवाल्याला गिऱ्हाईक आठवलं. मी दोराची गाठ सोडत बसलो, ती गाठ सुटलेलीच होती. हा मात्र उसळून म्हणाला, "कायचं वहिनी! कंपनीनं बॅटरी ढिली देल्ली. अकोल्याले कंपनीचं दुकान हाय, जातो अन् त्यायच्या तोंडावर मारतो."

ती आत गेली. अंगठा पदराला पुसत गेली. ते मी पाहिलं, त्यानेही पाहिलं.

तो अकोल्याला जाऊन आला तो सरळ आमच्या ओट्यावर. गळ्यात कॅमेरा. पडदा काळाच. कुंकू तसंच.

"झाला काय बरा?" तिने विचारलं.

"बिघडलाच कुठी होता वहिनी! आमचंच अडाणीपण. हे नवं मॉडेल असंच राहते. पडदा बंदच ठेवायचा असते. पडद्यात पाहून फोटू काढते तो मोबाइलवाला. खरा फोटूवाला भोकाले डोळा लावते. परदेशात समदे असेच काढतात. त्या साहेबानं तर कुंकू पाहून इचारलं, हे कोणी लावलं? म्हणे, चांगला हात हाय."

"साहेब असं म्हणाला?"

"मंग! शिकेल माणूस होता."

त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. मी मनात म्हटलं, गेला गधा अकोल्याला, आला गधाच परत. दुकानवाल्याने फसवला आणि हा खुशीत आला.

मग लग्नं सुरू झाली आणि त्याची फजिती सुरू झाली. आजकाल फोटो काढला की लोकांना तो लगेच पाहायचा असतो. नवरी म्हणते, "काका, दाखवा ना." काका कुठून दाखवणार? "पाहिला की नजर लागते," म्हणायचा. जी ऐकायचीच नाही तिला म्हणायचा, "लाव डोळा भोकाले." मग नवरीच्या मागे नवरीची बहीण, तिच्यामागे मावशी, मावशीमागे अख्खं वऱ्हाड, भोकाला डोळा लावायला रांग. जत्रेत पेटीतला सिनेमा पाहावा तशी. मुहूर्त टळला तरी रांग हटेना. दिवसभर डोळा लावून लावून त्याच्या उजव्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ पडलं. त्यात सगळ्या बायकांचं काजळ. संध्याकाळी घरी निघाला की एका डोळ्याचं अस्वल चालल्यासारखं दिसायचं.

ड्रोन उडवणारी नवी पोरं त्याला हसायची. "काका, कॅमेऱ्याले मोतीबिंदू झाला काय?" काही घरं त्याला सोडून त्या पोरांकडे गेली. साखरखेर्ड्याच्या एका पार्टीने तर दारातूनच परत पाठवलं, पडदा बंद असलेला माणूस नको म्हणून. मीही हसलो. मी तर जास्तच हसलो. म्हटलं, "ते कुंकू-बिंकू पुसून दुसऱ्या चांगल्या दुकानात दाखव." तो म्हणाला, "तू आपले बांबू पाह्य."

एकदा रोहिणखेडला लग्न होतं. मांडव माझा, फोटो त्याचा. जेवणाच्या वेळी कॅमेरा खुर्चीवर ठेवून तो हात धुवायला गेला. कोणी त्यावर बसू नये म्हणून मी तो उचलला. पाहतो तर त्या कुंकवावर पारदर्शक चिकटपट्टी. नखाएवढी. कडा कात्रीने गोल कापलेल्या. आपण देवाच्या फोटोला काच बसवतो तशी बसवलेली.

तो ओले हात झटकत आला.

"हे काय बे?"

"काय?"

"ही पट्टी. कुंकवावर."

"धूळ बसते."

"कुंकवाले धूळ बसली तर काय बिघडते?"

त्याने कॅमेरा माझ्या हातून घेतला. इकडेतिकडे पाहिलं. सगळे जिलबीवर तुटून पडले होते.

"अकोल्याच्या पोरानं पाहताबरोबर सांगितलं," तो म्हणाला. "हे कुंकू सेन्सरवर हाय, पुसलं का चालू. कापूस घेतला त्यानं, औषध घेतलं. मी त्याचा हात धरला."

"काऊन?"

"काऊन म्हणते! पुसलं अन् पडदा लागला, मंग वहिनी काय समजतीन? त्यायच्या हातानंच बंद पडला होता असं नाही समजणार?"

मी पुन्हा त्या पट्टीकडे पाहिलं.

"तू त्यायले सांगू नको. तुह्या पोटात काही राहत नाही."

"अन् धंदा?"

"धंदा तुह्या बापाचा हाय काय?" असं म्हणून तो जिलबीच्या ओळीत घुसला, आणि पंगतीतल्या एका म्हाताऱ्यावर ओरडला, "मान वर! चोरून खाता काय?"

मी तिथेच खुर्चीवर बसलो. आयुष्यभर या माणसाला मी लबाड म्हणत आलो. होताच लबाड. पण कोणती लबाडी कोणासाठी, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

तो घरी आला की ती विचारायचीच, "भाऊजी, माह्यं कुंकू हाय न त्याच्यावर?"

"हाय न वहिनी. त्याच्याच भरोश्यावर चालू हाय." आणि कॅमेरा वळवून दाखवायचा. ती लांबूनच हात जोडायची.

उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या पोरीची हळद निघाली. ती पोर माझ्या बायकोने मांडीवर खेळवलेली. आमंत्रण होतं, खुर्चीसकट. मागच्या ओळीत, कुलरजवळ, काळजीपूर्वक ठेवलेली खुर्ची. ती बसली. पुढे हळदीची वाटी घेऊन दुसरीच बाई तयार, धडधाकट, लालबुंद. बायकांनी गाणं सुरू केलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा. माझ्या बायकोकडे पाहायची मला हिंमत होईना.

"थांबा!"

हा मधे येऊन उभा. कॅमेरा डोळ्याला.

"पहिली हळद कोण लावून राह्यलं?"

"या बाई," कोणीतरी वाटीवालीकडे बोट दाखवलं.

"नाही जमत. यायच्या हातावर उजेड चमकते. बांगड्या लय हाय. फोटू पांढरा येईन." त्याने कॅमेरा मागच्या ओळीकडे वळवला. "वहिनीचा हात आणा. सावळा हात हाय, हळद उठून दिसते. मले बरोबर तसाच हात पाह्यजे."

नवरीची आई चपापली. "अहो, त्यायची तब्येत..."

"तब्येतीचा फोटू नाही काढून राह्यलो, हाताचा काढून राह्यलो. पाह्यजे त ठेवा त्याच बाईले. मंग अल्बम खराब आला तर माह्याकडं यायचं नाही."

अल्बम खराब!  बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नशीब खराब होईल म्हणून ज्यांनी तिला मागे बसवलं होतं, त्यांनीच अल्बम खराब होईल म्हणून तिला दोन्ही दंडांना धरून पुढे आणलं. धडधाकट बाईने स्वतः वाटी तिच्या हातात दिली. देवापेक्षा लोक कशाला भितात, हे ज्याला पाहायचं असेल त्याने त्या दिवशी तिथे असायला पाहिजे होतं.

तिने बोटं हळदीत बुडवली. सुयांनी गाठी आलेला हात. पोरीने आपण होऊन गाल पुढे केला. माझ्या बायकोने पहिली हळद लावली. या गालाला, त्या गालाला, मग कपाळाला. फोटोवाला, ज्याचं तोंड उभ्या जन्मात लग्नात बंद राहिलं नाही, तो एक शब्द बोलला नाही. पुन्हा लावा म्हटलं नाही, हात वर घ्या म्हटलं नाही. भोकाला डोळा लावून तसाच उभा राहिला. फोटो कधीचा काढून झाला होता.

घरी येताना ती माझ्या पुढे चालली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. दारात थांबून बोटं नाकाशी नेली, हळदीचा वास घेतला आणि म्हणाली, "गेलं नव्हतं."

पावसाळा संपला आणि ती गेली. मशीनवरून आणताना बुलढाण्याच्या रस्त्यावरच. माझ्या आधी गेली म्हणून सगळ्या बायका म्हणाल्या, भाग्याची. त्याच बायका. हळदीकुंकवाने तिला अशी भरवली, की तिच्या हातची हळद ज्यांना नको होती त्यांनी तिच्या पायांची कपाळाला लावून घेतली. मी पाहत बसलो.  

तेरवी झाली. सांत्वनाला येणारे थांबले. हा येत राहिला. सांत्वन त्याला येत नव्हतं. भिंतीवर तिचा तो हळदीचा फोटो लावला होता, त्याच्यासमोर बसून आपल्याच कामाला नावं ठेवायचा. "डावीकून उजेड जास्त झाला. मांडवाचं कापड तू निळं लावलं, म्हणून सावली निळी पडली. तुले अक्कल नाही." मी म्हणायचो, "तुले काढता येत नाही." असं आम्ही रोज भांडायचो. दुसऱ्या कोणी मला त्या दिवसांत शिवी दिली नाही, सगळे मऊ बोलायचे. मऊ बोलणं ऐकून घर आणखीच रिकामं वाटायचं.

एक दिवस जाताना उंबऱ्यात थांबला. कॅमेरा हातात फिरवत राहिला.

"पुसू काय आता?" म्हणाला.

मी भिंतीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्याभोवतीच्या काळ्या वर्तुळाकडे पाहिलं. धंदा अर्धा झाला होता त्याचा, मला माहीत होतं.

"पुस," मी म्हटलं. "आता कोण इचारते?"

त्याने मान हलवली आणि गेला. मला वाटलं, पुसलं.

या उन्हाळ्यात तोही गेला. सकाळी दाढी करायला बसला, आरशासमोरच आडवा झाला. मयतीला गाव लोटलं. ज्याने त्याने मोबाइल वर धरून फोटो काढले, सगळे वाकडे.

त्याचा जावई बुलढाण्याचा. चांगला पोरगा आहे, नोकरीवाला. परवा भेटायला आला. चहा पिता पिता हसायला लागला.

"काका, आमच्या सासऱ्यांची कमाल. तो कॅमेरा मी दुकानात दाखवला. मागं एक चिकटपट्टी, तिच्याखाली कायचं तरी लाल. दुकानदारानं पट्टी काढली, कापसानं पुसलं, अन् पडदा लागला! एवढंसं होतं. इतके दिवस माणूस बंद पडदा घेऊन फिरला, लोकांचं हसू सोसलं. एवढं त्यायले कळलं नाही. येडेच होते जरा."

"हाव," मी म्हटलं. "येडाच होता."

त्याने चहा संपवला, पाया पडला, निघाला. मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. पुसलेला तो कापूस दुकानदाराने कुठे टाकला, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. गाडी सुरू झाली. मी विचारलं नाही.